खांदेरी कोणाची? कागद, ताबा आणि वहिवाट

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. पुण्यात कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहात आणि प्रकल्पाचा विषय घेतलाय, ‘१६७९ मध्ये खांदेरी बेटावर सार्वभौमत्व कोणाचं होतं?’ अडलंय ते असं की, अलिबागजवळच्या थळसमोरचं हे बेट मुंबईचं आहे असं इंग्रज वखारीच्या कागदांत स्पष्ट सापडतं, पण उलट बाजूने शिवाजी महाराजांची सनद किंवा लेखी दावा काही हाती लागत नाही. मार्गदर्शक म्हणतात, पुरावा एकाच बाजूचा असेल तर निष्कर्षही त्याच बाजूचा निघणार. तुम्हाला ते पटत नाही, पण का पटत नाही हे मांडता येत नाहीये.

मी गेली अठ्ठावीस वर्षं मोडी वाचतोय. सकाळी इतिहासाचे कागद आणि दुपारनंतर लोकांच्या जमिनींचे, असं माझं काम चालतं. मुळशी, मावळ, पुरंदरकडून माणसं पिशवीत पणजोबांचे कागद घालून येतात आणि विचारतात, ‘यात जमीन आमची म्हटलंय का?’ बहुतेक वेळा कागदात नाव एकाचं असतं आणि कसणारा भलताच असतो. मग कोर्टात पहिला प्रश्न येतो तो वहिवाटीचा. शेतसारा कोणी भरला? बांध कोणी घातला? विहीर कोणी खणली? समोरच्याने हरकत घेतली ती कधी, आणि मग गप्प बसला तो कधी? बेटाचा प्रश्न राज्याराज्यांतला असला तरी त्याची नाडी हीच आहे. तुमच्या मार्गदर्शकांनी ‘पुरावा’ या शब्दाचा अर्थ ‘दाव्याचा कागद’ एवढाच घेतलाय, आणि गोची तिथेच झाली आहे.

आधी मराठी कागद का नाही ते सांगतो, कारण त्याचा फार मोठा गैरसमज होतो. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडीचे तीस हजारांहून अधिक रुमाल, म्हणजे कागदांची गाठोडी, आहेत, पण ते बहुतांशी अठराव्या शतकातले. शिवकाळातलं राजधानीचं दफ्तर रायगडावर होतं. १६८९ मध्ये गड मोगलांच्या हाती गेला आणि ते दफ्तर गेलं. आज महाराजांची म्हणून अस्सल पत्रं मिळतात ती देशमुखांच्या, देवस्थानांच्या, वतनदारांच्या घरून आलेली. ओसाड बेटाचा ना देशमुख असतो, ना कुलकर्णी. मग ते पत्र जपणार कोण? उलट ईस्ट इंडिया कंपनीच्या वखारींना प्रत्येक गोष्ट सुरतेच्या मुख्य वखारीला आणि तिथून लंडनला लिहून कळवावी लागे, एकाच पत्राच्या नकला तीन ठिकाणी राहत. त्यांचे शिवकालीन कागद तर १९३१ मध्ये पुण्यातच छापले गेले. म्हणजे एका बाजूचे कागद उरले आणि दुसऱ्या बाजूचे नाहीसे झाले, एवढाच त्याचा अर्थ. दावा एकाच बाजूचा होता असा अर्थ त्यातून निघत नाही.

आता इंग्रजांचा दावा उभा कशावर आहे ते पाहा. २३ जून १६६१ च्या लग्नाच्या तहात पोर्तुगालने ‘मुंबई बंदर आणि बेट’ इंग्लंडचा राजा दुसऱ्या चार्ल्सला दिलं, सोबत तिथले सगळे हक्क, उत्पन्न, भूभाग आणि त्याला लागून असलेल्या बाबी. सगळं भांडण या शेवटच्या शब्दांत आहे. लागून असलेल्या बाबी म्हणजे नेमक्या कोणत्या? तहात यादी नाही. इंग्रज म्हणत, आसपासची बेटं त्यात आली. गोव्याचा पोर्तुगीज व्हाइसरॉय मुंबई द्यायलाच तयार नव्हता. ताबा घ्यायला आलेला अब्राहम शिपमन अंजदीव बेटावर वाट बघत राहिला आणि १६६४ मध्ये तिथेच वारला. त्याच्या जागी आलेल्या हम्फ्री कूकने अखेर मान्य केलं की मुंबईची आश्रित ठिकाणं वगळून फक्त मुंबई घेऊ. त्या अटीवर फेब्रुवारी १६६५ मध्ये त्याला ताबा मिळाला. पुढे १६७७ मध्ये चार्ल्स राजाने हा करार अन्यायाचा ठरवून झिडकारला, हेही सांगायला हवं. पण झिडकारल्याने कूकची सही पुसली जात नाही. जमिनीच्या दाव्यात एखाद्याच्या आजोबाने ‘मला एवढाच तुकडा मिळाला, बाकी माझं नाही’ असं लिहून ताबा घेतला असेल, तर नातवाला ‘बाकीचंही आमचंच’ म्हणताना आधी त्या कागदाचं उत्तर द्यावं लागतं. १६६८ मध्ये राजाने मुंबई वर्षाला १० पौंड भाड्याने कंपनीला दिली. राजाकडे नसलेलं कंपनीकडे येणार कुठून?

यावर तुम्ही लगेच म्हणाल, मग बेट मराठ्यांचंच, कारण ते थळच्या किनाऱ्यापासून साधारण ५ किलोमीटरवर आहे आणि मुंबईपासून कितीतरी लांब. इथे थांबा. या युक्तिवादावर परीक्षक तुम्हाला पकडतील. १९२८ च्या पाल्मास बेटाच्या निवाड्यात लवाद मॅक्स ह्यूबरने नेमकं हेच नाकारलं. बेट किनाऱ्याच्या जवळ आहे म्हणून ते किनाऱ्याच्या धन्याचं होत नाही. नुसतं शोधलं म्हणूनही होत नाही. तिथे सत्ता सतत आणि उघडपणे चालवल्याचं दिसलं पाहिजे. त्याच निवाड्यात दुसरीही गोष्ट आहे, जी तुमच्या प्रकल्पात पहिल्या पानावर यायला हवी. जुन्या घटनेचं मोजमाप त्या काळच्या कायद्याने करायचं, आजच्या नव्हे. म्हणून ‘१६७९ मध्ये कायदेशीर सार्वभौमत्व’ असं लिहिण्याआधी, त्या काळी कोकण किनाऱ्यावर कायदा म्हणून लोक काय मानत होते हे सांगावं लागेल.

त्यासाठी माझ्या हिशेबी सगळ्यात मोलाचा कागद १६७९ चा नाही, जून १६७४ चा आहे. राज्याभिषेकाच्या वेळी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन रायगडावर तह करायला आला होता. इंग्रजांच्या मागण्यांत एक कलम फुटलेल्या गलबतांचं होतं. वादळाने आमचं जहाज किंवा माल तुमच्या किनाऱ्याला लागला तर तो परत मिळावा. महाराजांचं उत्तर इंग्रजांनीच लिहून ठेवलंय. किनाऱ्याला लागलेलं गलबत परत करणं कोकणच्या रिवाजाविरुद्ध आहे, तुम्हाला सवलत दिली तर फ्रेंच आणि डचही तीच मागतील. तुम्ही कायद्याचे विद्यार्थी आहात, हे वाक्य सावकाश वाचा. रिवाज आहे, तो चालवणारा धनी आहे, आणि परकीय त्याच्याकडे अपवाद मागायला आलाय. जो सवलत मागतो तो समोरच्याचा हक्क आधी मान्य करतो. त्या तहात खांदेरीचं नाव नाही, त्यामुळे हा बेटाच्या मालकीचा थेट पुरावा मी म्हणणार नाही. पण त्या समुद्रकाठावर सत्ता म्हणजे काय, ती कोण चालवत होतं, आणि इंग्रजांना ते ठाऊक होतं की नाही, हे यातून कळतं.

आता घटना बघू. बेटावर तटबंदी करण्याचा प्रयत्न महाराजांनी १६७२ मध्येही केला होता. तेव्हा इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी दोघेही आडवे आले आणि काम थांबलं. १६७९ च्या ऑगस्टअखेर, पावसाळा पुरता सरायच्या आत, महाराजांच्या आरमारातला मायनाक भंडारी सुमारे दीडशे माणसं आणि चार लहान तोफा घेऊन उतरला. मुंबईच्या इंग्रजांनी त्याला निघून जायला सांगितलं, बेट आमचं म्हणून. त्याने उत्तर दिलं की धन्याच्या हुकुमाशिवाय मी हलणार नाही. १९ सप्टेंबरला इंग्रज लेफ्टनंट थॉर्प बेटावर उतरू पाहताना मारला गेला. १८ ऑक्टोबरला दौलतखानाचं मराठी आरमार इंग्रज ताफ्यावर चालून आलं. ‘डव्ह’ नावाची त्यांची गुराब मराठ्यांनी पकडली, पण मिंचिन आणि केग्विन हे इंग्रज अधिकारी असलेली ‘रिव्हेंज’ फ्रिगेट एकटी उभी राहिली आणि तिने मराठी गलबतांना मागे रेटलं. पुस्तकांत या लढाईवर पानंच्या पानं असतात. मला मात्र त्यानंतरचे आठवडे जास्त महत्त्वाचे वाटतात. इंग्रजांची मोठी जहाजं बेटाभोवती होती, आणि रात्रीच्या अंधारात उथळ पाण्यातून वल्ह्यांच्या हलक्या होड्या थळ-नागावकडून बेटावर जात राहिल्या. माणसं, दाणागोटा, चुना आणि दारूगोळा पोचत राहिला, तट वर चढत राहिला. वहिवाट म्हणतात ती हीच. बांध घालणं, विहीर खणणं याचं समुद्रावरचं रूप.

माझे गुरुजी म्हणायचे, तहनामा शेवटी वाच, आधी जमाखर्च वाच. अठराव्या शतकातल्या जलदुर्गांच्या याद्या मी पुण्यात बसून वाचल्या आहेत. त्यांत भात, नाचणी, गोडं तेल, शिसं, दोरखंड, तरांडी दुरुस्त करणाऱ्या सुतारांची मजुरी, असं ओळीमागून ओळ येतं. वाचताना कंटाळा येतो. पण ज्याच्या वहीत किल्ल्यावरच्या दिव्याचं तेल खर्ची पडतं, त्याची सत्ता तिथे होती हे सांगायला आणखी साक्षीदार लागत नाही. १७१३ मध्ये कान्होजी आंग्रे शाहू महाराजांच्या पक्षात आले. बाळाजी विश्वनाथाने केलेल्या त्या समझोत्यात खांदेरी कान्होजींकडे राहिली. १७१८ मध्ये मुंबईच्या गव्हर्नर बूनने तिच्यावर आरमार पाठवलं, तेही हात हलवत परतलं.

इथे तुम्हाला तारखांबद्दल सावध करतो, कारण यात मी स्वतः चुकलो आहे आणि ती चूक छापली गेली आहे. सिद्दी कासम मोगलांच्या वतीने येऊन जवळच्या उंदेरीवर उतरला, त्याची नोंद इंग्रज कागदात ‘जानेवारी १६७९’ अशी दिसते. मी तरुण होतो. ती तारीख तशीच उचलली आणि लेखात लिहिलं की सिद्दीने उंदेरी घेतली म्हणून महाराजांनी खांदेरी बांधायला घेतली. कारण आणि परिणाम पुरते उलटे झाले. त्या काळी इंग्रजांचं वर्ष २५ मार्चला बदलत असे. त्यांचा जानेवारी १६७९ म्हणजे आपला जानेवारी १६८०, म्हणजे खांदेरीच्या बांधकामाला चार महिने उलटल्यानंतरचा. शिवाय ते जुनी दिनदर्शिका वापरत, तिचा आणि पोर्तुगीजांच्या नव्या दिनदर्शिकेचा १० दिवसांचा फरक. म्हणून इंग्रज आणि पोर्तुगीज कागद शेजारी ठेवले की एकाच दिवसाच्या दोन तारखा दिसतात. मराठी कागदात सुहूर सन असतो, त्यात ५९९ मिळवले की इसवी सन येतो, पण वर्ष मृगाला बदलतं. खांदेरीचं वर्ष ‘समानीन अलफ’, म्हणजे १०८०. दाव्याच्या खटल्यात कोण आधी उतरलं यावरच सगळं फिरतं, तेव्हा प्रत्येक तारखेपुढे ती कोणत्या दिनदर्शिकेतली ते लिहा. नावांचंही तसंच. इंग्रज उंदेरीला ‘हेनेरी’ आणि खांदेरीला ‘केनेरी’ म्हणतात आणि बऱ्याचदा दोन्ही जोडून लिहितात. कोणत्या बेटाबद्दल चाललंय हे दर वाक्याला तपासावं लागतं. ‘केनेरी’ दिसलं की मुंबईच्या उत्तरेच्या साष्टी बेटावरल्या कान्हेरी लेण्यांशी गल्लत करणारेही मी पाहिलेत.

मग निकाल काय? माझं मत सांगतो, पण ते कोणता दिवस निर्णायक धरता यावर अवलंबून आहे. ऑगस्ट १६७९ च्या आधीचा दिवस धरलात, तर माझ्या मते बेटावर पूर्ण हक्क कोणाचाच सिद्ध होत नाही. इंग्रजांकडे ‘लागून असलेल्या बाबी’ एवढे मोघम शब्द होते, तेही कूकने सोडून दिलेले, आणि बेटावर ना माणूस, ना भिंत, ना वसूल. महाराजांकडे समोरचा किनारा होता आणि १६७२ पासूनचा इरादा होता, पण ताबा नव्हता. १६८० च्या सुरुवातीचा दिवस धरलात तर चित्र स्वच्छ आहे. खर्च झेपेना आणि कल्याणकडे मराठी फौज जमू लागली, तेव्हा इंग्रजांनी महाराजांशी समझोता केला. मराठ्यांनी कैदी सोडले आणि बेट त्यांच्याकडेच राहिलं. हरकत घेणारा हरकत सोडून मागे सरला. त्यामुळे ‘खांदेरी मुळात मराठ्यांची होती, इंग्रज बळकावू पाहत होते’ असं लिहू नका. ‘खांदेरीवरचं सार्वभौमत्व मराठ्यांनी त्या पाच महिन्यांत निर्माण केलं’ असं लिहा. हे जास्त खरं आहे, आणि माझ्या मते जास्त अभिमानाचंही. बापाकडून आलेली जमीन सांभाळणं वेगळं, आणि खडकावर चुना-दगड वाहून ती आपली करणं वेगळं.

पण हीच फूटपट्टी उंदेरीलाही लावावी लागेल, आणि इथे आपल्या लोकांची जीभ अडखळते. सिद्दी जानेवारी १६८० मध्ये उंदेरीवर उतरला, त्याने तट बांधला, तोफा चढवल्या, आणि पुढची सुमारे ऐंशी वर्षं टिकून राहिला. संभाजी महाराजांच्या काळातही ती घेण्याचा प्रयत्न झाला, तो फसला. म्हणजे त्या काळात उंदेरी सिद्दीची. मराठ्यांना सोयीची असेल तेव्हा वहिवाट आणि नसेल तेव्हा जवळीक, असं करता येणार नाही. प्रकल्पात दोन्ही बेटं शेजारी ठेवून एकच कसोटी लावलीत, तर तुमच्यावर पक्षपाताचा आरोप करणं कठीण जाईल.

कागदांना काहीच किंमत नाही असं मात्र समजू नका. एका शब्दावर सार्वभौमत्व कसं फिरतं याचं उदाहरण पुण्याचंच आहे, आणि तुमच्या विषयातलं म्हणून तुम्हाला ते माहीत असायला हवं. १७७९ मध्ये पेशव्यांनी पोर्तुगीजांशी पुण्यात तह केला आणि दमणजवळची १२,००० रुपये उत्पन्नाची गावं त्यांना लावून दिली. त्या कागदांच्या आधारावर पोर्तुगाल पुढे हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं, दादरा-नगर हवेलीच्या वाटेच्या हक्कासाठी. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने तहाच्या १७ व्या कलमाचे वेगवेगळे पाठ तपासले आणि म्हटलं की मराठ्यांनी दिला तो महसूल, म्हणजे जहागीर किंवा सरंजाम, सार्वभौमत्व दिलं नाही. मराठ्यांना सार्वभौमत्व द्यायचं असे तेव्हा ते तसे शब्द वापरत, हेही न्यायालयाने इतर तह पाहून नोंदवलं. पण त्याच निकालात पुढे आहे की ब्रिटिश आल्यावर त्यांनी पोर्तुगीजांचीच सत्ता तिथे गृहीत धरून व्यवहार केला, आणि त्या वागण्यामुळे ती मान्य झाली. कागद पोर्तुगालच्या विरुद्ध गेला आणि वहिवाट त्याच्या बाजूने. इतका सुंदर दाखला तुम्हाला दुसरीकडे मिळणार नाही. तो बेटाचा नाही म्हणून सोडू नका.

साष्टीचा उल्लेख तुम्ही शेवटी केलाय. तो वेगळ्या प्रकल्पाचा विषय आहे, पण तुलनेला एक परिच्छेद द्या. चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी साष्टी पोर्तुगीजांकडून घेतली. इंग्रजांनी डिसेंबर १७७४ मध्ये ठाण्याचा किल्ला आधी तलवारीने घेतला आणि मग त्याला कागद शोधत राहिले. १७७५ मध्ये सुरतेला राघोबादादांची सही घेतली, १७७६ मध्ये पुरंदरला नाना फडणवीस आणि सखारामबापूंशी बोलणं केलं, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टी कायमची पदरात पाडून घेतली. वसई मात्र परत करावी लागली. आधी ताबा आणि मग कागद, हा क्रम खांदेरीसारखाच आहे. फरक एवढाच की साष्टीवर आधी दुसऱ्याचं नांदतं राज्य होतं, वसूल होता, वस्ती होती, आणि खांदेरी ओसाड होती. या फरकावर तुमचा युक्तिवाद उभा राहील.

आता कामाचं. इंग्रजांची छापील पत्रं वाचताना ‘आमचं बेट’ हे शब्द ज्या पत्रांत येतात तेवढीच उतरवू नका. ऑगस्ट १६७९ ते मार्च १६८० ची सगळी पत्रं क्रमाने वाचा, सुरतेने मुंबईला लिहिलेली विशेषतः. हक्क गाजवणारं वाक्य आणि खर्चाची तक्रार यांची वहीत दोन वेगळ्या रकान्यांत नोंद करा. महिन्यागणिक पहिला रकाना रिकामा होत जातो आणि दुसरा भरत जातो, हे तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळात बसून हे होऊ शकेल. मोडी आत्ता लगेच लागणार नाही. पण पुढे कान्होजींच्या काळात शिरायचं असेल तर शिकून घ्या, तीन महिन्यांत छापील वळण वाचता येईल आणि वर्षभरात हाताचं.

आणि दिवाळीनंतर एकदा थळला जाऊन या. वाळूत उभं राहिलं की डावी-उजवीकडे मान न फिरवता दोन्ही बेटं एका नजरेत येतात. उंदेरी इतकी जवळ की तटाचे दगड मोजावेत, आणि तिच्यामागे खांदेरी, दीपस्तंभासकट. ओहोटीला तिथल्या कोळ्यांना विचारा, मोठी बोट कुठून नेता येत नाही. ते बोटाने दाखवतील. इंग्रजांची जहाजं रात्री जिथे येऊ शकत नव्हती, ते पाणी तेच असावं.